नाव काठाला लावली हाय

आक्का,

परवा ग्रुपवर सुभेदारांनी विचारलं, "रखमा नावाडीण बरेच दिवस दिसली नाही. कुणाला काही ठाऊक?" कॉलेजच्या ग्रंथालयात परत आलेल्या पुस्तकांच्या ढिगाशी बसून मी ते वाचलं. तुझा तेरावा होऊन तीन दिवस झाले होते. उत्तर फक्त मला ठाऊक होतं. मी फोन पालथा घातला आणि पुस्तकं फळीला लावायला घेतली.

हे आधी सांगते, कारण बाकीचं सगळं यातच आलं. तू गेल्यावरही मी तुला ओळख दिली नाही.

तेराव्याच्या दिवशी तुझी छाया मला म्हणाली, "मावशी, आई त्या फोनवर काय लिहीत बसायची गं? शेजारचे म्हणत होते, तुझी आई कुणाला तरी पत्रं लिहायली." मी म्हटलं, "असंच. टाइमपास." तुझ्या पोटच्या लेकीला मी एवढंच सांगितलं. तिच्याजवळ हे लिहिलेलं असावं, आणि ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांनाही कळावं, म्हणून आता नीट सांगते.

डोहगाव नावाचं एक गाव आहे, ते कुठंच नाही. फोनवरच्या एका ग्रुपमध्ये चाळीसेक माणसं मिळून ते रोज लिहितात. कुणी कुणाला पाहिलेलं नाही. प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं. कुणी सुभेदार, कुणी वैद्य, कुणी देवळातली गुरवीण कमळा. मी सरदारीण. आपल्या पात्रानं काय केलं, काय म्हटलं ते दोन-चार ओळींत लिहायचं, त्यावर दुसरा आपल्या पात्राचं लिहितो, आणि गोष्ट पुढं सरकते. अशा एकेका लिहिण्याला आम्ही फेरी म्हणतो. गाव भरात असलं की एका दुपारी दीड-दोनशे फेऱ्या होतात. भाजी फोडणीला टाकून परत बघावं, तर गावात चोरी होऊन, चोर सापडून, त्याला माफीसुद्धा मिळालेली असते.

एवढ्या घाईत भांडणं होऊ नयेत म्हणून नियम आहेत. ते मी लिहिले, कारण ग्रुपची कारभारीण मीच. दुसऱ्याच्या पात्राला आपण हलवायचं नाही. त्याच्यासमोर जाऊन उभं राहायचं, बोलायचं, पण तो हसला की रडला ते त्याचं त्यानं लिहायचं. पात्राला जे ठाऊक नाही, ते लिहिणाऱ्याला ठाऊक असलं तरी पात्रानं ओळखायचं नाही. एकदा लिहिलेलं पुसायचं नाही. एक दिवस वाट बघूनही कुणी लिहिलं नाही, तर फेरी पुढं जाते. आणि स्वतःचं खरं काही सांगायचं असलं, लेकरू आजारी आहे, लाइट गेली, जेवायला उठते, तर ते दोन कंसांत लिहायचं. ((असं.)) कंसातलं खरं, कंसाबाहेरचं गोष्टीतलं.

नियम चांगले आहेत. त्यांच्याआड जाऊन मी बसले, यात त्यांचा काही दोष नाही.

गेल्या संक्रांतीला मी सोनपेठला आले होते. तू दारात वाकळ शिवत होतीस आणि मी खाटेवर फोन घेऊन.

"काय गं, फोनात बघून हासायलीस?"

"काही नाही."

"न्हाई कसं? समदे दात दिसायलेत तुझे."

मग मी सांगितलं. तू सुई वाकळीत खोचून ठेवलीस आणि सगळं ऐकून घेतलंस. अंगणवाडीत तीस वर्षं लेकरांच्या तक्रारी ऐकलेली बाई तू, तुला ऐकायची सवय. शेवटी म्हणालीस, "म्हंजी आपला वाळूतला खेळच की."

वाळूतला खेळ मी विसरले होते. खरं सांगायचं तर विसरायचं ठरवलं होतं. गंगेच्या वाळूत तू रेघा ओढून वाडा काढायचीस. (गोदावरीला आपण गंगाच म्हणायचो. परभणीत पहिल्यांदा गोदावरी म्हणायला लागले तेव्हा मला कुण्या परक्या नदीचं नाव घेतल्यासारखं वाटायचं.) मी राणी. तू दासी, तूच घोडा, तूच चोर, तूच चोराला धरणारी, आणि राणीला पलीकडं जायचं झालं की तूच नावाडी. एकदा मी विचारलं होतं, तुला राणी व्हावंसं वाटत नाही का? तू म्हणालीस, "राणी एकच लागती. बाकीची मान्सं लय लागतात. ती कोण व्हायची?"

"मला घे की त्यात," तू म्हणालीस.

"तुला झेपायचं नाही आक्का, फार पटापट असतं ते."

"मला कुठं बस धरायचीय?"

बस मला धरायची होती. तू स्टँडवर सोडायला आलीस, आणि खिडकीशी उभी राहिलीस तेव्हा मी तुला अटी घातल्या. तिथं मला सुमी म्हणायचं नाही. आपण बहिणी आहोत हे कुणाला सांगायचं नाही. आपण कुठल्या, हेही नाही.

"कामून गं?"

"नियम आहे तसा."

तसा नियम नव्हता. डोहगावात नवरा-बायको आहेत, मायलेकी आहेत, आणि ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या माणसांना मी पुण्याकडची म्हणून माहीत होते. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी विचारलं होतं, "मराठी किती स्वच्छ आहे हो तुमचं, कुठल्या तुम्ही?" आणि मी "पुण्याकडची" असं लिहून टाकलं होतं. एकदा लिहिलेलं पुसायचं नाही. पन्नाशीला आलेली बाई, आणि एवढ्यासाठी.

तू म्हणालीस, "बरं. नियम हाय तर हाय." मग बस सुरू झाली तशी चालता चालता विचारलंस, "तुमच्या त्या गावाला नदी हाय का?"

"आहे."

"मंग नाव लागल."

अशी तू रखमा नावाडीण झालीस.

डोहगावचा बाजार नदीच्या पलीकडं आणि किल्लाही पलीकडं. म्हणजे कुणालाही कुठंही जायचं, तर रखमाला हाक मारायची आणि तिची फेरी येईपर्यंत काठावर थांबायचं. तू एका बोटानं लिहायचीस. पाऊण तास, कधी दीड तास. सगळं गाव आपलं काठावर उभं. मग तुझी फेरी यायची: "रखमानं वल्हं पाण्यात घातलं. म्हणली, मालकीण, पाय आत घ्या. पाणी गार हाय."

तुझ्यासारखं कुणी लिहीत नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. आमच्याकडं सूर्य अस्ताला जायचा, मनात काहूर उठायचं. तुझं पाणी नुसतं गार असायचं, आणि वाचणारा पाय आत घ्यायचा.

कमळा लिहिणाऱ्या बाईंनी एकदा कंसात विचारलं, ((ही पात्राची भाषा, की बाईंचीच?)) खाली पाच-सहा जणांचे हसरे चेहरे. मीही एक टाकला. तुझ्या फोनात तो दिसला असेल. सरदारणीच्या नावापुढं, पिवळा, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसणारा.

लोक कंटाळायला लागले. ((रखमाबाई, नाव आज येतीय की उद्या?)) ((आमची सरदारीण काठावरच म्हातारी व्हायची.)) यातलं दुसरं मी लिहिलेलं आहे.

आणि तुझे कंस राहायचे. "थांबा भाकरी करपली" असं तू एकदा उघड्यावर लिहिलंस, तर वैद्यांनी लगेच लिहिलं की नदीवर करपल्याचा वास पसरला आणि सुभेदारांना ठसका लागला. त्या दिवशी सगळे हसले, फोनवर तूही मला म्हणालीस, "लय गमतीची मान्सं हायेत की." पण पुढच्या खेपेला तू लिहिलंस, "छायाला बरं न्हाई पालमला जाऊन येते," आणि दोघातिघांनी विचारलं, ही छाया कोण, नवीन पात्र का?  तू आणखी एक शब्द लिहिशील आणि त्यातून मी बाहेर पडेन असं वाटलं. मी लिहिलं, सगळ्यांच्या देखत: ((रखमाबाई, खरं ते दोन कंसांत. तीनदा सांगून झालं. इतरांचा खोळंबा होतो.))

पोरीला बरं नव्हतं, आणि मी, तिची मावशी, तुला कंस शिकवत होते. ती कशी आहे हे मी त्या दिवशी विचारलंसुद्धा नाही.

दोन दिवसांनी तुझा फोन आला. "सुमे, त्यो कंस कुठं असतो गं फोनात? मी समदीकडं हुडकला. ह्या पाटीवर दिसंना मला."

आमच्याकडं तेव्हा पाहुणे होते. मी म्हटलं, "आक्का, मी कामात आहे. नंतर सांगते."

नंतर मी सांगितलं नाही. तू परत विचारलं नाहीस.

एक दुपार मात्र मला सांगायची आहे. कुठल्याशा सणाची सुट्टी होती, गावात कुणीच नव्हतं. सरदारीण बाजाराला निघाली आणि रखमानं नाव आणली. नावेत दोघीच. मी लिहून तुझी वाट बघत होते, आणि त्या दिवशी मला घाई नव्हती. तू लिहिलंस, "रखमा म्हणली, मालकीण, तुमी लहानपणी पाण्याला भ्यायच्या का?"

मी लिहिलं, "सरदारीण म्हणाली, हो. फार."

बराच वेळ गेला. "मंग कोण धरायचं?"

तू धरायचीस. वाकळीची चिंधी माझ्या कमरेला बांधून दुसरं टोक आपल्या मनगटाला गुंडाळायचीस आणि म्हणायचीस, बुड आता, बघू कशी बुडतीस. मला चिंधीचा रंगसुद्धा आठवत होता. अण्णांच्या जुन्या पटक्याची होती, विटकी तांबडी. लिहायला हात गेला. ग्रुपवर कुणीही नव्हतं, वाचणारं कुणी नव्हतं, आणि तरी मी विचार केला की नंतर वर सरकवून कुणी वाचलं तर.

"सरदारीण म्हणाली, आता आठवत नाही."

तू लिहिलंस, "रखमा म्हणली, ऱ्हाऊ द्या. पाय आत घ्या."

इतक्या वर्षांत आपण एवढ्या जवळ बसून बोललो नव्हतो, आक्का. मी परभणीला आले, नोकरी लागली, लग्न झालं. तुझ्याकडं येणं म्हणजे सकाळच्या बसनं येऊन दुपारच्या बसनं परतणं झालं. त्या खोट्या नावेत तू मला जो एक तास घेऊन बसलीस, त्याचे उपकार माझ्यावर आहेत. ते फेडायचा रस्ता तूच दाखवला होतास. मी एक शब्द लिहायचा होता.

त्याऐवजी मी पूल बांधला.

ग्रुपवर रोज कुरकुर चालली होती. दोघं जण सोडून गेले. कुणी म्हणालं, रखमाबाईंना दुसरं एखादं सोपं पात्र द्या. तुला पात्र बदल असं सांगणं मला जड वाटलं, कारण तू "कामून गं?" म्हणाली असतीस. म्हणून मी एका सकाळी, चहा पिता पिता, लिहिलं: "सरदारणीनं नदीवर दगडी पूल बांधायचा हुकूम सोडला. सहा महिन्यांत पूल उभा राहिला." एका फेरीत सहा महिने. कुणाच्याही पात्राला मी हात लावला नव्हता. नियमानं सगळं बरोबर होतं. ग्रुपवर टाळ्या वाजल्या, आणि दुपारपर्यंत सगळं गाव पुलावरून पलीकडं गेलं.

हे मी कशावरून घेतलं ते डोहगावात कुणाला कळणार नव्हतं. तुला कळणार होतं. आपल्या गावाला भिवा नावाडी होता. तू नववीला, मी पाचवीला असताना सरकारी पूल झाला. त्यानंतर दोन वर्षं भिवा रोज सकाळी नाव काठाला आणून बसायचा. पुलावरून जाणारी माणसं वरूनच "राम राम भिवा" करायची. तोही मान वर करून राम राम घालायचा. आई म्हणायची, तिकडं बघू नका गं, त्याला लाज वाटल. आणि तू एकदा मला ओढत खाली घेऊन गेलीस, आपण दोघी त्याच्या नावेतून उगाच पलीकडं जाऊन परत आलो. 

त्या संध्याकाळी मीच तुला फोन केला. निदान एवढं तरी केलं.

"पूल झाला म्हनं," तू म्हणालीस.

"राग आला का तुला?"

"राग कशाचा? लोकांची सोय झाली." थोड्या वेळानं म्हणालीस, "सुमे, भिवाचं ध्यान हाय का तुला?"

"आक्का, गोष्ट आहे ती."

"व्हय. गोष्टच हाय." मग म्हणालीस, "मंग रखमाची नाव बुडवून टाकू का?"

"ते तुझं तू ठरव. दुसऱ्याच्या पात्राला मी हात लावत नाही."

तू हसलीस. तू रागानं हसायचीस तेव्हा नाकातून आवाज यायचा, तसं नव्हतं ते. लहान पोराची चूक दिसली की अंगणवाडीत हसायचीस, तसं होतं. मला त्या हसण्याचा राग आला आणि मी फोन ठेवला. ते भांडण तसंच राहिलं. भांडण होतं हेही आपण दोघींनी कबूल केलं नाही.

नाव तू बुडवली नाहीस. रोज एक फेरी लिहीत राहिलीस. किल्ल्यात सुभेदार आणि वैद्यांची जुंपलेली असायची, शंभर-शंभर निरोप धडाधड पडत असायचे, आणि त्यांच्या मधूनच तुझी ओळ यायची: "नाव काठाला लावली हाय. कुणी येणार हाय का." कुणी उत्तर देत नव्हतं. जो तुमच्याशी बोलला त्याला उत्तर द्यायचं, हा रिवाज. तू कुणाचंच नाव घेत नव्हतीस. म्हणून रिवाजानं कुणाचंच चुकत नव्हतं.

मग ती फेरी आली. मी ती इतक्यांदा वाचली आहे की पाठ झाली.

"आज नाव वल्हवायला दम लागायलाय. छातीत धरल्यावानी होतंय. रखमा काठाला बसली."

दुपारच्या सुट्टीत, डबा उघडून, मी ती वाचली. माझा हात थांबला. हात थांबला ही गोष्ट खरी आहे, ती मी स्वतःपासून लपवू शकत नाही. मनात आलं: नाव तर पंधरा दिवस काठाला बांधलेली आहे. कुणी बसलंच नाही, तर वल्हवली कधी, आणि दम कशानं लागला?

बरोबर प्रश्न होता, आक्का. आणि त्याचं उत्तर मी असं काढलं की आक्काला गोष्टीचा मेळ राहिलेला नाही.

सुभेदारांनी खाली लिहिलं, ((वा रखमाबाई, डोळ्यांपुढं उभं केलंत.)) पंधरा दिवसांत तुला मिळालेली ती पहिली दाद. आणि मी अंगठा दिला. तो वर केलेला अंगठा, फोनातला. आपल्या आईला सही येत नव्हती म्हणून तिनं जन्मभर अंगठा लावला. कागद पुढं आला की तिचं तोंड उतरायचं. मला सही येते. मला दोन भाषांत सही येते, आणि तुझ्या छातीत दुखत असताना मी अंगठा दिला.

कंसात लिहिलं असतंस तर मी त्याच क्षणी फोन केला असता. ही सबब मी पंधरा दिवस स्वतःला दिली. पण कंस कुठं असतो हे तू विचारलं होतंस.

रखमाचं लिहीत होतीस, की तुझं? मला कधीच कळणार नाही. कदाचित तुलाही तेवढा फरक पडत नसेल. चौथ्या दिवशी सकाळी छायाचा फोन आला. अंगण झाडता झाडता बसलीस, एवढंच ती बोलू शकली.

तेराव्याला छायानं तुझा फोन माझ्या हातात दिला आणि त्याच्याबरोबर एक हजेरीपट. अंगणवाडीचा, उरलेला कोरा, तू काम सोडताना घरी आणलेला. लेकरांच्या नावांच्या रकान्यात तू डोहगावची माणसं लिहिली होतीस. सुभेदार. वैद्य. कमळा गुरवीण. रोजच्या चौकटीत 'ह' नाहीतर 'गै'. शंभर निरोपांत कोण आलं, कोण नाही, कोण कुणावर रुसलं हे ध्यानात राहावं म्हणून तू ते मांडत होतीस. बाजूला बारीक अक्षरात: "वैद्य - पायाला लागलंय, इचारायचं." "कमळा - दोन दिस न्हाई." तू सावकाश लिहीत होतीस ते का, हे मला तिथं कळलं. तू आधी सगळ्यांची हजेरी घ्यायचीस.

पूल झाल्यानंतरही रखमाच्या ओळीत रोज 'ह' आहे. शेवटच्या तीनही दिवशी. मी परीक्षेच्या कामामुळं आठवडाभर नव्हते, तिथं माझ्या चौकटींत 'गै' आहे आणि पुढं "सुमीचं काम असल." आणि पहिल्या पानावर, माझ्या नावासमोर:

"सरदारीण. ही आपली सुमी. वळख द्यायची न्हाई. नियम हाय."

छाया शेजारी उभी होती. "हे काय गं मावशी?" म्हणत तिनं ते फोनवरच्या लिहिण्याचं विचारलं. तेव्हा मी तिला टाइमपास म्हटलं.

परवा सुभेदारांच्या प्रश्नाला मी उत्तर दिलं नाही, तर काल कमळाबाईंनी सुचवलं, ((रखमाबाई बहुतेक सोडून गेल्या. आपण त्यांच्या पात्राला छान निरोप देऊ. पूर येतो, नाव वाहून जाते, सगळं गाव काठावर रडतं.)) लगेच चौघं तयार झाले. एकानं पुराची पहिली ओळसुद्धा टाकली. मन चांगलंच होतं त्यांचं. माझ्यापेक्षा तर नक्कीच.

मी ग्रंथालयाच्या मागच्या पायरीवर जाऊन बसले. डाव्या हाताला खाली एकदोनतीन लिहिलेली कळ असते, आक्का. ती दाबली की आकडे येतात. त्या आकड्यांच्या पाटीवरच कंस असतो. दोनदा दाबायचा. एवढंच होतं. पाहुण्यांसाठी चहा उकळत होता, तो उतू जायच्या आत सांगून झालं असतं.

मी लिहिलं:

((थांबा. दुसऱ्याच्या पात्राला हलवायचं नाही. रखमाला कुणी बुडवायचं नाही. रखमा लिहिणाऱ्या बाईंचं नाव अनुसया. त्या वारल्या. ती माझी सख्खी थोरली बहीण. मी पुण्याची नाही. आमचं दोघींचं माहेर सोनपेठ तालुक्यात, गंगेच्या काठी. ती बोलायची ती माझीही भाषा आहे. तिला मी तुमच्यापुढं ओळख दिली नाही. तसा नियम नव्हता, मी तिला खोटं सांगितलं. तिच्या छातीत दुखतंय असं तिनं इथंच लिहिलं होतं. मी ते वाचलं होतं.))

 कुणीतरी लिहितंय असं वर दिसायचं आणि थांबायचं. दिसायचं आणि थांबायचं. शेवटी सुभेदारांनी लिहिलं, ((आम्हाला सांगायचं होतंत ताई. आम्ही थांबलो असतो.)) खरंच थांबले असते की नाही, मला ठाऊक नाही. पुराची ओळ ज्यानं टाकली होती त्यानं माफी मागितली. कमळाबाई काही बोलल्या नाहीत. त्यांचा तो भाषेचा प्रश्न आणि माझा हसरा चेहरा दोन्ही अजून तिथंच आहेत. पुसायचं नाही, हा नियम मी तसाच ठेवला आहे.

संध्याकाळी छायाला फोन करून सगळं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मावशी, तिला तुजं समदं ठाऊक होतं गं. ती म्हनायची, सुमीला तिथं राणी राहू दे. कशाचं बोलायली ते मला आता कळलं." आणि तिनं फोन ठेवला. माफ केलं असं ती म्हणाली नाही. मीही विचारलं नाही.

त्यानंतर मी एक फेरी लिहिली, कंसाबाहेर. डोहगावात मी पहिल्यांदाच अशी लिहिली:

"सरदारीण पुलावरून गेली न्हाई. पायऱ्या उतरून काठाला आली. नाव बांधलेली हाय. सरदारीण म्हणली, आक्का, अण्णांच्या पटक्याची चिंधी होती. तांबडी. मला आठवायलंय."

आज त्याला एक दिवस होऊन गेला. मघाशी वैद्यांनी हळूच विचारलं, ((ताई, फेरी पुढं न्यायची का?))

नियमानं न्यायला पाहिजे. मी लिहिलं, ((न्हाई. तिची फेरी हाय. ती सावकाश लिहिती.))